इटालियन समजते, पण तोंड उघडत नाही

पत्राचा सारांश: उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून एम.एस्सी. करणारी २३ वर्षांची विद्यार्थिनी लिहिते, की पहिल्या सत्रात तिने विद्यापीठाच्या भाषा केंद्रात इटालियनचा ए-२, म्हणजे प्राथमिक पातळीचा, वर्ग चांगल्या गुणांनी पूर्ण केला. दुसऱ्या सत्रात बी-१, म्हणजे त्याच्या पुढच्या पातळीच्या, संभाषण वर्गाला नाव घातलं. वर्गात १४ जण, त्यांतले ९ स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले. ते पहिल्या दिवसापासून धडाधड बोलतात. हिला समजतं सगळं, पण वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. चार वर्ग झाले, त्यांत ती मोजून दोन वाक्यं बोलली. बाहेर ती इटालियनमध्ये सुरुवात करते आणि समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. खोलीवर सोबत राहणाऱ्या दोघीही भारतीय. जूनमध्ये एका छोट्या कंपनीत तिरोचीन्योसाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी, मुलाखत आहे आणि ती इटालियनमध्ये होणार आहे. वर्ग बदलायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. ती विचारते: ‘संभाषण वर्ग सोडून व्याकरणाचा बी-१ वर्ग धरू का? पाया पक्का झाला की पुढच्या वर्षी बोलेन. की खासगी शिकवणी लावू? संभाषण वर्गाचा तर फक्त हजेरीचा दाखला मिळतो. आणि ताई, एक छोटा प्रश्न: वर्गातल्या शिक्षिकेला ‘तू’ म्हणायचं की आदराने ‘लेई’? चुकेन या भीतीने मी त्यांना हाकच मारत नाही.’

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला सरळ अगं-तुगं करते. तुझा शेवटचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येऊ.

चार वर्गांत दोन वाक्यं, हे तू फार संकोचाने लिहिलं आहेस. मी मात्र अडखळले ते दुसऱ्या ओळीशी: ‘पाया पक्का झाला की पुढच्या वर्षी बोलेन.’ मी स्वतः इटालियन शिकत होते तेव्हा हेच वाक्य घोकत होते, आणि नंतर ज्यांना शिकवलं त्यांच्याकडूनही ते पुष्कळदा ऐकलं. त्यात एक अडचण आहे. हा पाया पक्का झाल्याचं आपल्याला कुणीच सांगायला येत नाही. आधी वाटतं भूतकाळ नीट येऊ दे. मग सर्वनामं. मग ‘कोंजुंतीवो’, म्हणजे शंका, इच्छा, शक्यता सांगणारी क्रियापदाची रूपं. ती तर बोलण्याच्या ओघात कितीतरी इटालियन माणसंही गाळतात. त्या तिन्हींची वाट पाहत बसलीस तर जून येऊन जाईल.

तुला व्याकरण कमी पडतंय हे तू गृहीत धरलं आहेस. आधी ते खरं आहे का ते बघू. आज रात्री एक कागद घे, घड्याळात दहा मिनिटं लाव आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस ते इटालियनमध्ये लिहून काढ. शब्दकोश नको, फोन नको. मग वाच. भूतकाळाची रूपं बहुतेक ठिकाणी बरोबर आली असतील, लिंग-वचन थोडंफार चुकलं असेल पण कुणालाही अर्थ कळेल असं असेल, तर तुझ्याजवळ व्याकरण आहे. ते फक्त वेळेवर हाताशी येत नाही. पण निवांत बसूनही ‘मी गेले, मी पाहिलं, मी लिहिलं’ एवढं जमलं नाही, तर मात्र व्याकरणाचा वर्ग धर, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. या पत्राशी स्वतःची गोष्ट जुळते असं ज्यांना वाटतंय त्यांनीही निर्णयाआधी हा कागद लिहून बघावा. ए-२ चांगल्या गुणांनी केलेल्या मुलीचा कागद बरा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि पुढचं सगळं मी ते धरूनच लिहिते आहे.

घरातला दिव्याचा खटका अंधारातही हाताला बरोबर सापडतो. तो कुठे आहे हे कुणी नकाशा काढून शिकवलेलं नसतं, रोज दाबून दाबून हाताला कळलेलं असतं. बोलताना तीन कामं एकदम चालतात: काय सांगायचं ते ठरवणं, शब्द शोधणं आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकणं. लिहिताना ही कामं एकामागून एक करता येतात. व्याकरणाच्या वर्गात आणखी एक पुस्तक संपवलंस तरी या तिन्हींचा एकत्र सराव होणार नाही. तो फक्त बोलतानाच होतो, आणि सुरुवातीला तो सगळ्यांचाच वाईट होतो.

आता त्या नऊ जणांबद्दल. ते तुझ्यापेक्षा पुढे आहेत असं तुला वाटतंय. पण ते चालायला निघाले तेच अर्ध्या वाटेवरून. स्पॅनिश आणि इटालियन या एकाच आईच्या लेकी आहेत. त्यांना शब्द शोधावा लागत नाही, आपलाच शब्द थोडा वाकवला की काम होतं. पण कान देऊन ऐक. ‘सालीरे’ म्हणताना त्यांच्या मनात पुष्कळदा ‘बाहेर पडणं’ असतं, कारण स्पॅनिशमधल्या तशाच शब्दाचा अर्थ तो आहे. इटालियनमध्ये ‘सालीरे’ म्हणजे वर चढणं. ‘ग्वार्दारे’ म्हणजे बघणं, तर त्यांच्या भाषेत तोच शब्द जपून ठेवण्यासाठी वापरतात. ‘बुर्रो’ इटलीत लोणी आणि स्पेनमध्ये गाढव. त्यांची ही सरमिसळ जायला बरेच दिवस लागतात, कारण तशीही गाडी चालत राहते आणि कुणी थांबवत नाही. तू सावकाश बोलशील, पण तुझी इटालियन सरमिसळ न होता उभी राहील. त्यांच्या वेगाशी स्वतःला मोजणं सोडून दे.

यानंतर जे सांगणार आहे ते मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचं वाटतं. ‘वाक्य मनात जुळेपर्यंत’ असं तू लिहितेस. ते वाक्य तू कुठल्या भाषेतून जुळवतेस? मला जवळजवळ खात्री आहे की इंग्रजीतून. इंग्रजीतून शिकलो, इंग्रजीतून वर्ग करतो, तेव्हा परकी भाषा म्हटली की मन आपोआप इंग्रजीच्या दारात जाऊन उभं राहतं. इटालियनसाठी ते दार लांबचं आहे. तुझ्या घरचं दार कितीतरी जवळ आहे.

एक उदाहरण घे. ‘मला पुस्तकं आवडतात.’ मराठीत आवडणारी वस्तू कर्ता होते आणि क्रियापद तिच्या मागे जातं: पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. इटालियनमध्ये? ‘मी प्याचे’ म्हणजे मला आवडतं आणि ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’ म्हणजे मला पुस्तकं आवडतात. बांधणी तीच. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी ‘ईओ प्याच्चो’ म्हणून बसतो, आणि त्याचा अर्थ होतो ‘मी आवडते’. ‘मला लागतं’ म्हणजे ‘मी सेर्वे’, ‘मला वाटतं’ म्हणजे ‘मी सेंब्रा’. यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, एवढं एकदा मनात बसलं की ही सगळी वाक्यं मराठीच्या साच्यातून सरळ बाहेर पडतात.

पुढे जा. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतला फरक तुला कुणी शिकवला नाही. इटालियनमध्ये मुलगी ‘सोनो आंदाता’ म्हणते आणि मुलगा ‘सोनो आंदातो’. वर्गातल्या जर्मन मुलाला इथे विचार करावा लागतो, तुला नको. आणि ज्या नियमाने भलेभले रडकुंडीला येतात तो बघ. चिठ्ठी मी लिहिली, निरोप मी लिहिला. आपल्याकडे भूतकाळात क्रियापद लिहिणाऱ्याकडे न बघता लिहिलेल्या वस्तूकडे बघतं. इटालियनमध्ये वस्तूचं सर्वनाम क्रियापदाआधी आलं की हेच होतं. लेत्तेरा, म्हणजे चिठ्ठी, स्त्रीलिंगी: ‘लो स्क्रीत्ता’. मेस्साज्जो, म्हणजे निरोप, पुल्लिंगी: ‘लो स्क्रीत्तो’. व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी दोन-तीन पानं खर्ची पडतात. तुला फक्त मराठीत विचार करायचाय. सगळीकडे हे जमतं असं नाही. आपल्याला भूक ‘लागते’, ते ती ‘बाळगतात’. पण जिथे जमतं तिथे इंग्रजीचा वळसा घ्यायचा नाही.

उच्चारातही तुझ्याजवळ पुष्कळ आहे. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखे दातांवरचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचा ट-ड करू नकोस. ‘पीत्सा’ मधला तो आवाज म्हणजे ‘चमचा’ मधला च, जरा दाबून. ‘चेंत्रो’, ‘दीचे’ यांतला मात्र ‘चहा’ मधला. हे दोन्ही च आपण दिवसभर न कळत वेगळे उच्चारतो. आणि जोडाक्षरं! ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतला फरक आपल्या कानाला लगेच कळतो, तोच कान इथे लाव. मुलाखतीत वय सांगताना ‘आन्नी’ मधला एक न गाळलास तर वर्षांचा शब्द शरीराच्या भलत्याच भागाचा होतो. म्हणून तो एक शब्द घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून जा.

आता शब्द अडतो तेव्हा काय करायचं. संभाषण वर्ग खरं तर याचसाठी असतो. तिथे आधीपासून येत असलेलं म्हणून दाखवायचं आहे असा आपला समज असतो, आणि म्हणून आपण पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत गप्प बसतो. मी विद्यार्थिनी असताना एका संध्याकाळी खोलीची किल्ली हरवून वसतिगृहाच्या खिडकीशी उभी होते. किल्लीला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मागे दोघं-तिघं ताटकळत होते. शेवटी हाताने कुलूप फिरवल्यासारखं करत म्हटलं, ‘क्वेल्ला कोसा के सेर्वे पेर आप्रीरे ला पोर्ता’, दार उघडायला लागते ती वस्तू. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, ‘आ, ला क्यावे!’ आणि ड्रॉवरमधून दुसरी काढून दिली. ‘क्यावे’ हा शब्द त्यानंतर मी कधी विसरले नाही. वहीत पन्नास वेळा लिहून तो तसा बसला नसता.

म्हणून अडल्यावरची वाक्यं आधी पाठ कर, बाकी सगळं नंतर. ‘क्वेल्ला कोसा के सेर्वे पेर...’ हे पहिलं. आपण ‘ते हे गं’ म्हणतो ना, त्यासाठी इटालियनमध्ये ‘कोसो’ असा शब्दच आहे, मित्रमंडळींत बिनधास्त वापर. ‘कोमे सी दीचे...?’ म्हणजे अमुक कसं म्हणतात. ‘नोन मी व्येने ला पारोला’, मला शब्द येत नाहीये. यातलं क्रियापदही ‘येणं’ हेच आहे बघ. ‘चोए’ म्हणजे ‘म्हणजे’, आणि आपल्या ‘म्हणजे’ सारखंच ते वाक्याच्या मध्ये कुठेही टाकून दम घेता येतो. ‘आल्लोरा’ ने सुरुवात केली की दोन-तीन सेकंद मिळतात आणि ऐकणारा थांबतो. ही वाक्यं तोंडात असली की गप्प बसायची वेळ येत नाही, कारण शब्द अडला तरी तू बोलतच असतेस.

आपली पाळी कशी घ्यायची हाही तुझा प्रश्न आहे, जरी तू तो तसा विचारलेला नाहीस. मराठी घरातली मुलगी मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबते. त्या वर्गात कुणाचं बोलणं संपतच नाही. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढतं, आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. तिथे ‘पोस्सो दीरे ऊना कोसा?’ म्हण. म्हणजे ‘एक सांगू?’ हे विचारायला व्याकरण लागत नाही, आणि विचारलंस की सगळे तुझ्याकडे वळतात. मग अर्धवट का होईना, वाक्य सुरू करावंच लागतं. त्याहूनही सोपं म्हणजे प्रश्न विचारणं. ‘इन के सेन्सो?’, म्हणजे कुठल्या अर्थाने? ‘ए तू?’, आणि तू? प्रश्न विचारणारीही बोलणाऱ्यांतच मोजली जाते. पुढच्या वर्गात तीन प्रश्न विचारायचे एवढंच ठरवून जा, मत मांडायचं नाही.

समोरचे इंग्रजीत उत्तर देतात, म्हणून तुझी इटालियन वाईट आहे असा अर्थ तू काढला आहेस. बहुतेक वेळा तो माणूस तुझी सोय बघत असतो, आणि विद्यापीठाच्या गावात त्याला स्वतःचं इंग्रजीही वापरून बघायचं असतं. त्याला सांग: ‘स्तो इंपारांदो लितालियानो, पोस्स्यामो कोंतिनुआरे इन इतालियानो?’ मी इटालियन शिकतेय, इटालियनमध्येच पुढे बोलूया का? असं म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. आणि शुद्ध बोलण्याची जी धास्ती तुला आहे तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. १८६१ साली इटली एक देश झाला तेव्हा प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक सुमारे अडीच टक्केच होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरो यांचा अंदाज आहे. बाकीचे आपापल्या बोली बोलत. आज तुझ्यासमोर उभ्या असलेल्या कितीतरी लोकांच्या आजी-आजोबांनी इटालियन ही शाळेत जाऊन शिकलेली भाषा होती. नेपल्सचा माणूस आणि तोरीनोचा, म्हणजे ट्यूरिनचा, माणूस आजही एकसारखं बोलत नाहीत. वेगळ्या हेलातली इटालियन ऐकायची त्यांच्या कानांना सवय आहे, तुझीही ते ऐकतील.

खासगी शिकवणीला माझा विरोध नाही, पण ती वर्गाऐवजी नको. पैसे घेऊन शिकवणारी व्यक्ती तुझ्यासाठी थांबते, तुटक बोलणं समजून घेते, पाळी कायम तुझीच असते. तिथे बरं वाटतं आणि जे शिकायचंय तेच राहून जातं. मे महिन्यात मुलाखतीच्या तयारीसाठी चार-पाच तास घे, तेव्हा त्याचा खरा उपयोग होईल.

त्यापेक्षा ‘तांदेम’ शोध, म्हणजे भाषांची अदलाबदल करणारे इटालियन जोडीदार. तू त्यांच्याशी इटालियन बोलायची, ते तुझ्याशी तुझ्याकडची भाषा. बहुतेक विद्यापीठांच्या भाषा केंद्रांत यासाठी नोंदणी करता येते. फक्त घड्याळ लावून बसा: अर्धा तास इटालियन, अर्धा तास दुसरी. घड्याळ नसलं की जी भाषा दोघांना सोपी जाते तीच उरते, म्हणजे इंग्रजी. तुझ्याकडे हिंदीही आहे हे विसरू नकोस. व्हेनिसच्या का’ फोस्कारीत, नेपल्सच्या लोरिएंतालेमध्ये, रोमच्या सापिएंत्सात आणि तोरीनोत, या विद्यापीठांत हिंदी शिकवतात. तिथल्या विद्यार्थ्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं, आणि हे व्हिडिओवरही जमतं.

दाखल्याचं थोडक्यात. तुला नोकरीसाठी किंवा पुढे कागदपत्रांसाठी प्रमाणपत्र लागलं, तर ते वर्गातून मिळतच नाही. त्यासाठी स्वतंत्र परीक्षा आहेत: सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची ‘चिल्स’, पेरुजाची ‘चेली’, दान्ते आलिग्येरी संस्थेची ‘प्लीदा’. या सगळ्यांत तोंडी भाग असतो. ‘चिल्स’च्या नेहमीच्या बी-१ परीक्षेत तर पाच भाग आहेत, प्रत्येकी २० गुणांचे, आणि प्रत्येकात किमान ११ लागतात. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवून तोंडी भागाची भरपाई करता येत नाही.

शुक्रवारच्या आत काय करायचं? वर्ग सोडू नकोस. पण जसा चालू आहे तसाच गप्प बसून चालवूही नकोस. आधी शिक्षिकेला दोन ओळींची मेल लिही, किंवा वर्ग सुटल्यावर थांबून सांग, की मोठ्या गटात मला पाळी मिळत नाही, तीन-चार जणांच्या गटात बसवाल का, आणि पुढच्या वेळचा विषय आधी कळवाल का. ही मागणी अवाजवी नाही. गट पाडून बोलायला लावणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि कुणाला काय अडतंय हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. तरीही जमलं नाही तर केंद्रात विचार की याच पातळीचा, किंवा अर्धी पायरी खालचा, दुसरा संभाषण गट आहे का, जिथे वेगवेगळ्या भाषांचे विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची मातृभाषा बघून गट ठरवणं इटलीत नवीन नाही. मार्को पोलो आणि तुरांदोत या योजनांतून येणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र इटालियन वर्ग चालतात. खालच्या गटात जाऊन दर वर्गात वीस वाक्यं बोलणं हे वरच्या गटात दोन बोलण्यापेक्षा केव्हाही चांगलं. व्याकरणात जे भोक सापडेल ते घरी रविवारी तासभर बसून बुजव, त्यासाठी अख्खं सत्र नको.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. इटलीतल्या विद्यापीठांत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात आणि त्या खुल्या असतात, म्हणजे बाकीचे विद्यार्थी मागे बसून ऐकू शकतात. तुझ्या विभागात इटालियन माध्यमाच्या एखाद्या विषयाची तोंडी परीक्षा असेल त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बस. प्राध्यापक म्हणतात ‘मी पार्ली दी...’, अमुक विषयी सांगा. समोरचा मुलगा हातातलं पेन फिरवतो, वर बघतो, म्हणतो ‘आल्लोरा... दुंक्वे...’, एक वाक्य सुरू करतो, मध्येच सोडतो, ‘चोए’ म्हणून पुन्हा सुरू करतो. मातृभाषा इटालियन असलेला तो मुलगा तसं बोलतो आणि ३० पैकी २७ गुण घेऊन उठतो. तासभर ते ऐकलंस की मनातल्या मनात जुळवलेलं अखंड वाक्य कुणीच बोलत नाही हे तुला कानांनी कळेल. वेळ काढायचे त्यांचे शब्द वहीत टिपून आण.

मुलाखतीचा पहिला प्रश्न बहुधा ‘मी पार्ली दी लेई’ असेल, म्हणजे स्वतःविषयी सांगा. त्याचं उत्तर लिहून पाठ करू नकोस, पाठ केलेलं मध्येच तुटलं की सगळंच विस्कटतं. तीन गोष्टी निवड: काय शिकतेस, आत्तापर्यंत हाताने केलेलं एक काम, आणि याच कंपनीत का यायचंय. प्रत्येक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करत आधी चार मिनिटांत सांग, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन. दर वेळी शब्द वेगळे आले तरी चालतील. तिसऱ्या खेपेला आपलं बोलणं किती सुटं झालं आहे ते ऐकून तुला बरं वाटेल. तुझ्या विषयातल्या वीस-पंचवीस शब्दांचा इटालियन उच्चार एखाद्या वर्गमित्राकडून आधीच करून घे. आणि मेच्या सुरुवातीला शिक्षिकेला विचार की एका वर्गात मुलाखतीचा सराव घेता येईल का. वर्गात तू एकटीच मुलाखतीला जाणारी असशील असं मला वाटत नाही.

राहिला ‘तू’ आणि ‘लेई’. ‘तू’ म्हणजे आपलाच तू, उच्चारासकट. ‘लेई’ हे आपल्या ‘आपण’सारखं, पण त्याचा मूळ अर्थ ‘ती’, त्यामुळे क्रियापदही ‘ती’चंच लागतं, समोर पुरुष असला तरी. भाषा केंद्रातल्या वर्गांत शिक्षक बहुधा ‘तू’वरच येतात, तुझ्या विभागातल्या प्राध्यापकांना आणि मुलाखतीत मात्र ‘लेई’च. पहिल्यांदा बोलताना शिक्षिकेला ‘लेई’ म्हण, ते कधीच चूक ठरत नाही. अगं-तुगं करण्याला इटालियनमध्ये ‘दारे देल तू’ म्हणतात, कुणाला तरी ‘तू’ देणं. ते वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने द्यायचं असतं, आपण मागायचं नसतं. त्या ‘द्यामोची देल तू’ म्हणाल्या की समज, त्यांनी दिलं. मग हसून ‘ग्रात्सिए’ म्हण आणि पुढचं वाक्य ‘तू’नेच सुरू कर. मेलमधली विनंती ‘लेई’त लिहून माझ्याकडे पाठवलीस तर शुक्रवारच्या आत नजर टाकून परत करीन.